तायडे सर आणि गेटाबाहेरची पोरं

पिंपळगाव राजा या गावी एका लग्नात तायडे सरांनी आचाऱ्याच्या हातातला पळा काढून घेतला, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, आणि आपण या माणसाबरोबर आलेलो नाही असा चेहरा करून मांडवाच्या झालरीकडे बघत होतो.

पंगत बसायला थोडा अवकाश होता. मांडवामागं चुलाण्यावरून भाताचा मोठा गंज नुकताच उतरवला होता. आचाऱ्यानं वरचं एक शीत उचललं, दोन बोटांत दाबलं आणि "झाला!" अशी हाक दिली. सर पुढं झाले.

"भात ढवळला होता का?"

"भात कोणी ढवळते काय सर? मोडते ना तो."

"मंग वरच्या शितावरून तुले खालच्याचं कसं कळलं?"

"बाप्पा! जिंदगी गेली माही भात शिजवण्यात."

"जिंदगीभर वरच्याच शिताईले विचारत आला तू," असं म्हणून सरांनी पळा घेतला आणि गंजात वरून, मधून, कडेनं आणि तळातून थोडा थोडा भात काढून पत्रावळीवर वेगवेगळ्या ढिगाऱ्यांत मांडला. तळाचा करपला होता. डावीकडचा कच्चा होता. चष्मा लावलेला, खिशाला दोन पेनं लावलेला हा माणूस भाताचे ढीग मांडून एकेक शीत चावतोय हे बघून मुलीच्या बापाला वाटलं, सरकारातून कोणीतरी तपासणीला आलंय. त्यानं सरांना हाताला धरून बाजूला नेलं, हात जोडले आणि पहिल्या पंगतीत जिलबीच्या परातीच्या अगदी जवळ बसवलं. त्यांच्यामुळं मलाही.

'शितावरून भाताची परीक्षा' ही मराठी भाषेतली सर्वांत घातक म्हण आहे, असं तायडे सरांचं मत होतं. मी कॉलेजात मराठी शिकवत असे, म्हणून या म्हणीसाठी ते मला व्यक्तिशः जबाबदार धरत. "खर्चे, ही तुमच्या डिपार्टमेंटची म्हण. तुमी मागं घ्या," असं त्यांनी मला स्टाफरूममध्ये अनेकदा बजावलं होतं.

सर आमच्याकडे संख्याशास्त्र शिकवायचे. मलकापूरच्या बाजूला आमचं कॉलेज. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली बरीच मंडळी मला अजून पेन्शनच्या कामासाठी बँकेत भेटतात. आता माजी विद्यार्थ्यांनी एक स्मरणिका काढायचं मनावर घेतलंय, आणि तायडे सरांवर गमतीदार लेख मीच लिहावा असा त्यांचा आग्रह आहे. फोनवर संपादक पोरगा म्हणाला, "सर, ती गेटची गोष्ट पाह्यजेच बरं का. तुमच्यासारखी कोणालेच सांगता येत नाही."

खरं आहे. ती गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे आणि दर वेळी लोक पोट धरून हसले आहेत. या वेळीही सांगणार आहे. फक्त या वेळी ती जशी घडली तशी सांगणार आहे. पण आधी तायडे सर नीट कळले पाहिजेत, नाहीतर मी पुन्हा एकाच शितावर थांबलो असं होईल.

सर मूळचे वरवट बकालचे. उंच, हडकुळे, मान थोडी पुढं काढून चालणारे. हातात बाराही महिने छत्री. वर्गात शुद्ध बोलायचे आणि वर्गाचा उंबरठा ओलांडला की वऱ्हाडीत यायचे. जगातला कोणताही माणूस कोणतंही विधान करो, सर त्यावर एकच म्हणायचे, "धरून चाला, फरक नाई. आता दाखवा फरक."

म्हणजे असं की, कोणी म्हणालं, "या गिरणीवाल्यापेक्षा त्या गिरणीवाल्याचं पीठ चांगलं," तर सर लगेच म्हणणार, "धरून चाला, फरक नाई." मग दोन्ही पिठांच्या भाकऱ्या होणार, कोणती कुठल्या पिठाची हे खाणाऱ्याला सांगितलं जाणार नाही, आणि शेवटी दोघांपैकी एक गिरणीवाला सरांशी बोलणं सोडणार. आमच्या गावात सरांशी न बोलणारे गिरणीवाले, शिंपी आणि चहावाले बरेच होते.

आठवडी बाजारात ते टमाटे निवडून घेत नसत. डोळे मिटायचे, ढिगात हात घालायचा आणि हाताला येईल ते पिशवीत टाकायचं.

"सर, चांगले पाहून घ्या ना," भाजीवाली मावशी म्हणायची.

"चांगले पाहून घेतले तं चांगलेच निघतीन ना मावशी. मले बाजार कसा आहे ते पाह्यचं आहे."

मावशी हुशार. सर लांबून दिसले की ती सडके टमाटे वर ठेवायची. हे सरांच्या लक्षात आलं, पण ते चिडले नाहीत. त्या दिवसापासून ढिगात हात घालण्याआधी ते तो दोन्ही हातांनी खालवर करू लागले. मावशीनं एकदा त्यांच्या हातावर तराजूची दांडी मारली.

त्यांचं लग्न झालं नाही त्यामागंही हेच शास्त्र होतं. नांदुऱ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगी चांगली, घर चांगलं. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग काय ठरवलं?" सर म्हणाले, "एका दिवसाच्या पोह्यावरून घर कळत नाही. मी अजून काही वेळा येतो. कधी ते चिठ्ठ्या टाकून ठरवीन. तुम्हाला आधी सांगणार नाही, नाहीतर तुम्ही पोहे कराल."

वडिलांना वाटलं, मुलगा विनोदी आहे. सर खरंच गेले. पहिल्या खेपेला वडील बनियनवर दूधवाल्याशी भांडत होते. दुसऱ्या खेपेला मुलगी गच्चीवर गाद्या बडवत होती. तिसऱ्या खेपेला मुलीचा भाऊ ओसरीवर काठी घेऊन उभा होता. सर परत आले आणि मला म्हणाले, "खर्चे, नमुना अपुरा राह्यला." नंतर खूप दिवसांनी, कशाचा काही विषय नसताना, एकदम म्हणाले, "गाद्या बडवताना हसून राह्यली होती ते." त्यानंतर त्यांनी दुसरं स्थळ पाहिलं नाही.

वर्गात ते पूर्ण हजेरी घेत नसत. जुन्या पँटच्या कापडाची एक पिशवी त्यांनी शिवून घेतली होती, तिच्यात हाउजीच्या एक ते नव्वद आकड्यांच्या सोंगट्या. पिशवी हलवायची, हात घालायचा, जो आकडा निघेल त्या रोल नंबरनं उभं राहायचं. नसला तर गैरहजेरी, असला तर फळ्यावर गणित. कोणाचा नंबर कधी निघेल याचा नेम नसल्यामुळं त्यांचा वर्ग कायम भरलेला. मागच्या बाकावरून कोणी "लाइन!" असं ओरडलं की सर गंभीरपणे विचारायचे, "दाखव तिकीट." एका पोराचा नंबर अख्ख्या वर्षात निघाला नाही. शेवटच्या दिवशी तो कॉलर ताठ करून म्हणाला, "सर, मी वाचलो." सर म्हणाले, "वाचला नाही बाळा. तुझी फक्त पाळी आली नाही."

दह्याचा प्रयोग तर मी डोळ्यांनी पाहिला. परीक्षेला जाताना दही-साखर खाल्ली की पेपर चांगला जातो, असं मुलं म्हणाली. सर म्हणाले, धरून चाला, फरक नाही. चाचणी परीक्षेच्या दिवशी ते वर्गाच्या दारात दह्याचं मडकं आणि चमचा घेऊन उभे राहिले. सोंगट्यांत ज्यांचे नंबर निघाले त्यांनाच दही. ज्यांचे निघाले नाहीत त्यातले दोघं मिशीला दही लागलेल्या अवस्थेत सापडले, त्यांना सरांनी प्रयोगातून बाद केलं, परीक्षेतून नव्हे. निकाल लागला. फरक दिसला नाही. एवढंच आढळलं की दही खाल्लेल्यांपैकी काहीजण दुसऱ्या प्रश्नाला झोपले होते.

एका मुलीनं विचारलं, "सर, मंग आता दही खायचं का नाई?"

"आवडत असलं तर खा," सर म्हणाले.

मला हे उत्तर फार आवडलं होतं. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ते असेल असं वाटत नाही.

आता गेट.

आमच्याकडे नवीन प्राचार्य आले होते. शिस्तीचे. बोलणं इतकं शुद्ध की त्यांच्यासमोर आम्ही 'हो'ऐवजी 'हाव' म्हणायचं थांबवलं होतं. त्यांनी नियम केला: सकाळी पहिली घंटा झाली की गेट बंद. दाताळा आणि नरवेलकडून येणारी मुलं एसटीनं यायची. पहिली गाडीच घंटेनंतर पोचायची. ही मुलं रोज गेटाबाहेर राहू लागली. हजेरी घसरली, आणि हजेरी कमी तर परीक्षेला बसता येणार नाही. मुलींचं तर आणखीच अवघड. रोज जाते आणि रोज तशीच परत येते, मग जातेच कशाला, असं घरोघरी सुरू झालं होतं. दोन-चार जणींची नावं काढून घ्यायला बाप येऊन गेले.

स्टाफच्या सभेत विषय निघाला. प्राचार्य म्हणाले, "ग्रामीण विद्यार्थी मुळात घरूनच उशिरा निघतात. त्यांना गांभीर्य नाही."

मागून तायडे सर उठले. "साहेब, किती जणांना विचारलं?"

"विचारायचं काय त्यात? दिसतंच आहे."

"गेटाच्या आतून दिसतं आहे. धरून चाला, गावच्या आणि शहरातल्या मुलांच्या घरून निघण्यात फरक नाही. मी तपासून दाखवतो. फरक निघाला तर गेट राहू द्या. नाही निघाला तर पहिली एसटी येईपर्यंत उघडं ठेवा."

प्राचार्यांना सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. ठरलं.

सरांनी दोन याद्या केल्या, शहरातल्या मुलांची एक आणि एसटीच्या पासवाल्यांची दुसरी. पासवाले नव्वदच्या आत बसत होते, हे हाउजी शोधणाऱ्याचेच उपकार. दोन्हींतून सोंगट्या काढून चाळीस-चाळीस नावं निवडली. प्रश्न एकच, घरून किती वाजता निघता. आणि मग ती नावं त्यांनी माझ्या हातात दिली.

"मी काऊन?" मी विचारलं.

"मी त्या पोराईच्या बाजूचा आहे. मी विचारलं तं मले पाह्यजे तेच आयकू येईन. तुमाले कशाशीच घेणं-देणं नाई. तुमी एकदम योग्य माणूस."

तेव्हा मला ही स्तुती वाटली होती.

जाता जाता त्यांनी एक सूचना दिली. "एखादा सापडला नाई तं 'सापडला नाई' असं ल्याहा. बाजूच्याले विचारू नका. बाजूचा वेगळा असते."

शहरातली चाळीस दोन दिवसांत झाली. मग मी पासवाल्यांना शोधायला निघालो. ऊन तापू लागलं होतं. या वर्गात गेलो, त्या वर्गात गेलो, यादीतलं कोणी दिसेना. गेटावरच्या शिपायाला विचारलं.

"ते पोट्टे आत कुठी असतीन सर? गेट बंद झालं का बाहेरच राह्यतात. स्टँडकडं जातात वाटते."

एसटी स्टँड फार लांब नव्हतं. छत्री असलेल्या माणसाला तर नव्हतंच. पण मला कॅन्टीनमधला पंखा दिसला. पंख्याखाली काही पोरं मोबाइल चाळत बसली होती, टेबलावर मोटरसायकलच्या किल्ल्या.

"काय रे, गावचे का?"

"हाव सर, गावचेच."

गेट बंद असताना ही पोरं आत कशी, हा प्रश्न तायडे सरांना लगेच पडला असता. मला तो पडला नाही. ज्याच्याकडे गाडी, तो मागच्या पडक्या भिंतीकडून सावकाश यायचा, हे नंतर कळलं.

"घरून किती वाजता निघता?"

"उठलो का निघतो सर."

"मग उठता कधी?"

"मूड असला का."

दुसरा म्हणाला, "पपा दुकानात गेले का मी निघतो. ते असले का गाडी भेटत नाई."

मी चहा मागवला. आणि यादीतलं एकेक नाव घेऊन त्यापुढं समोर बसलेल्याचं उत्तर घड्याळाच्या आकड्यात बसवून लिहीत गेलो. दुपारपर्यंत कॅन्टीनमध्ये जो जो आला आणि गावचा आहे म्हणाला, त्याला एकेक नाव मिळालं. कुमारी वैशालीचं उत्तर एका मिशीवाल्या पैलवानानं दिलं. चाळीसच्या चाळीस भरले. एकाही ठिकाणी 'सापडला नाही' लिहावं लागलं नाही, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. मी मराठीचा प्राध्यापक. याला मराठीत काय म्हणतात ते मला चांगलं माहीत होतं. लबाडी म्हणतात.

पण तेव्हा वाटलं, पोरंच ना? ही काय अन् ती काय.

सरांनी माझे कागद घेतले, आकडेमोड केली, परत केली, पुन्हा केली. सभेत उभे राहिले तेव्हा छत्री टेबलाला टेकवायला दोनदा चुकले. पण वाचताना आवाज हलला नाही. "फरक आहे. गावची मुलं घरून बरीच उशिरा निघतात. माझं गृहीतक टिकलं नाही."

प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी गेटावर बोर्ड लागला: 'संख्याशास्त्रीय अभ्यासानुसार गेट वेळेवर बंद होईल.' आपल्या शास्त्राचं नाव तायडे सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच बोर्डावर पाहिलं असेल.

रविवारी मी नेहमीसारखा त्यांच्याकडे गेलो. रेल्वे फाटकापलीकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर. दर रविवारी दुपारी ते स्वतः भाकऱ्या करायचे, मी यायचो, जेवायचो, दोघं वर्तमानपत्र वाचायचो. तसा त्यांच्याकडे येणारा मी एकटाच होतो. बाकीचे कधी ना कधी त्यांच्या प्रयोगात सापडले होते.

भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "खर्चे, सगळे सापडले होते ना?"

"हो."

"नाई, म्हटलं, सगळेच्या सगळे सापडत नाईत कधी."

"सापडले."

"बरं," ते म्हणाले आणि भाकरी उलटली.

त्यानंतर काही दिवस सर सकाळी कॉलेजात दिसेनात. पुढं मुलांकडूनच कळलं ते असं. सरांनी पासवाल्यांच्या त्याच यादीतली तीच चाळीस नावं घेतली आणि पहाटेच्या रिकाम्या गाडीनं गावोगाव जाऊ लागले. गावातून कॉलेजकडं निघणाऱ्या पहिल्या गाडीच्या स्टँडवर उभे. आपल्याला हवं तेच ऐकू येऊ नये म्हणून कानात कापूस घातलेला. पोरांना कागदाचा कपटा द्यायचे, घरून किती वाजता निघाला ते लिहा, नाव लिहू नका. आणि ते कपटे टाकायला छत्री उघडून उलटी धरलेली. पाठ पोरांकडे. दाताळ्याच्या स्टँडवर एक म्हातारी आली, तिला वाटलं कुठल्या देवस्थानाची झोळी आहे. तिनं छत्रीत एक रुपया टाकून नमस्कार केला. सरांनी तो रुपया हिशेबात धरला नाही. जी पोरं आजारी होती, मामाकडं गेली होती, त्यांच्यासाठी पुन्हा गेले. एका पोराला गाठायला शेतात गेले, तिथं कुत्रं मागं लागलं, आणि छत्री मोडली.

पुढच्या सभेत सर पुन्हा उभे राहिले. या वेळी छत्री नव्हती.

"फरक आहे," ते म्हणाले, "पण उलटा. गावची मुलं शहरातल्या मुलांच्या कितीतरी आधी घरून निघतात. गाडी उशिरा पोचते. मागच्या वेळेस आकडेमोडीत माझी चूक झाली."

"म्हणजे तायडे सर," प्राचार्य हसून म्हणाले, "शास्त्र चुकलं की तुम्ही?"

"मी. शास्त्र नाही."

सभा हसली. प्राचार्य इतके हसले की हसता हसता त्यांनी गेटाची वेळ बदलून टाकली. पहिली एसटी येईपर्यंत गेट उघडं राहू लागलं. पोरं आत आली, परीक्षेला बसली. खरी कुमारी वैशाली आता कुठल्याशा शाळेत गणित शिकवते असं ऐकतो.

आणि तायडे सर आमच्या कॉलेजचा विनोद झाले. तो मी केला. मान पुढं काढून, काल्पनिक छत्री टेकवत मी स्टाफरूममध्ये सांगायचो, "तायडे सरांनी आधी सिद्ध केलं का गावचे पोट्टे झोपाळू आहेत. मंग सिद्ध केलं का ते झोपतच नाईत. आता सिद्ध करून राह्यले का गाव नाईच!" गॅदरिंगला पोरांनी यावर नाटुकलं केलं, त्यातले संवाद माझे. सरांच्या निरोपसमारंभात, गळ्यात हार घालून ते स्टेजवर बसलेले असताना, मी हीच गोष्ट माइकवरून सांगितली. सभागृह हशानं कोसळलं. सगळ्यांत जास्त तायडे सर हसले. हसताना ते माझ्याकडं बघत होते. मी खाली उतरलो तेव्हा त्यांनी आपल्या हारातलं एक फूल तोडून मला दिलं.

तर संपादकांनो, गोष्ट ही अशी आहे. आकडेमोड बरोबर होती. पोरं चुकीची होती, आणि ती मी आणली होती.

हे इथपर्यंत लिहून झालं आणि मला वाटलं, छापायच्या आधी त्यांना सांगितलं पाहिजे. इतकी वर्षं दर रविवारी त्यांच्यासमोर बसून जेवलो, तेवढं एक सोडून सगळं बोललो. परवाच्या रविवारी गेलो. सर आता थकलेत, पण भाकरी स्वतःच करतात, फक्त उभं न राहता खुर्चीत बसून थापतात. मी कागद खिशातच ठेवले आणि तोंडानं सांगितलं. कॅन्टीन, पंखा, किल्ल्या, मिशीवाला पैलवान, सगळं.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

"माहीत आहे मले," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दाताळ्याच्या स्टँडवर ते वैशाली भेटली. कपटा टाकून झाला, तं मी कानातला कापूस काढला आन् म्हटलं, आमच्या खर्चे सरानं तुले हेच विचारलं होतं ना बाई? तं ते म्हणे, कोण खर्चे सर?"

"मग?"

"मंग काय. दोन गोष्टी होऊ शकतात. एक तं ते पोरगी इसरली असन. नाई तं तुमी विचारलंच नसन."

"मग दुसऱ्या पोराला विचारायचं होतं. अजून एकोणचाळीस होते."

"हाव. होते."

"विचारलं काऊन नाही?"

सरांनी भाकरी उलटली. ती फुगली.

"एका पोरीवरून काही ठरत नाई, खर्चे. दुसऱ्याले विचारलं असतं तं ठरलं असतं. ठरलं का मानावं लागते. आन् मंग रविवारी तुमी आले असते, तं मी दार कसं उघडलं असतं?"

बाहेर फाटक पडल्याची घंटा वाजत होती. मग मालगाडी आली, आणि ती गेल्याशिवाय त्या घरात काही ऐकू येत नाही. ती लांबलचक होती, हे बरं झालं. मी डोळे पुसून घेतले.

"सर," मी म्हटलं, "पण आता मी स्वतःच सांगतोय ना. आता तर ठरलं."

"तुमी एकटेच सांगून राह्यले," तायडे सर म्हणाले. "एकाच्या सांगण्यावरून ठरत नाई." आणि त्यांनी माझ्या ताटात भाकर टाकली, वर ठेचा वाढला.